गॅमा किरणांनी प्लॅस्टिकला होणारी इजा कशी ओळखतात?

प्रश्न : कृत्रिम गुडघ्यातील पॉलिथिलीनचा भाग गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, असे वाचले. त्याने प्लॅस्टिक आतून बिघडते का, आणि ते कळते कसे?

उत्तर : बिघडते, आणि कधी कधी वर्षानुवर्षे बिघडत राहते. साधारण 25 किलोग्रे (शोषलेल्या किरणोत्साराचे एकक) मात्रेला रेणूंच्या साखळ्या तुटतात, हायड्रोजन निघून जातो आणि एकटा इलेक्ट्रॉन असलेली मुक्त मूलके मागे उरतात. इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स पद्धतीत नमुन्याची बारीक काडी क्वार्ट्झच्या नळीत घालून चुंबकीय क्षेत्रात ठेवतात, सुमारे 9.5 गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी सोडल्या, की 0.34 टेस्लाच्या आसपास हे एकटे इलेक्ट्रॉन ऊर्जा शोषतात. शोषणावरून मूलकांची संख्या कळते, तर शेजारच्या हायड्रोजनमुळे आलेखातील शोषणाची रेषा कशी दुभंगते त्यावरून त्यांचा प्रकार ओळखता येतो. स्फटिकमय भागात अडकलेली मूलके सहजी नष्ट होत नाहीत. ऑक्सिजन पोहोचला, की त्यांची पेरॉक्सी (ऑक्सिजन जोडलेली) मूलके बनून ऑक्सिडेशन सुरू होते आणि प्लॅस्टिक ठिसूळ होते. या पद्धतीचे खरे मोल मला इथेच वाटते, कारण ठिसूळपणा दिसण्याआधीच ती इशारा देते. वितळणबिंदूच्या वर तापवलेल्या नमुन्यात मूलके संपतात आणि त्यांचा हा संकेत जवळजवळ नाहीसा होतो. मात्र अशा तापवण्याने स्फटिकता घटून ताकद काहीशी कमी होते, म्हणून काही उत्पादक त्याऐवजी ऑक्सिडेशन रोखणारे ई जीवनसत्त्व मिसळतात.