पाच स्टार देण्याआधी

नागपूर,
मे महिन्याचा दुसरा आठवडा

प्रिय बाळ,
सप्रेम सलाम.

तू पाठवलेले तिन्ही रिव्ह्यू वाचले. पॉवर बँकेला दोन स्टार, कारण "दहा हजारची सांगितली आणि सहा हजारच निघाली". मोजायच्या टेपला एक, कारण "पुढचा हूक ढिला आहे". रोजच्या मननाच्या ख्रिस्ती पुस्तकाला पाच, कारण "खूप आशीर्वाद मिळाला". तिन्ही मनापासून लिहिलेत हे दिसतं. पण पहिल्या दोनमध्ये तू ज्याला दोष म्हटलंस तो दोष नाहीच, आणि तिसऱ्यात पुस्तक कुठे सापडत नाही.

पॉवर बँकेचा हिशेब एकदा कागदावर मांड. खोक्यावरचे १०,००० एमएएच हे आतल्या सेलचे असतात आणि सेल असतो ३.७ व्होल्टचा. १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-अवर, त्याला ३.७ ने गुणलं की ३७ वॉट-अवर ऊर्जा येते. केबलमधून वीज बाहेर पडते ती ५ व्होल्टने. ३७ ला ५ ने भागलं तर ७.४, म्हणजे ७,४०० एमएएच. व्होल्टेज चढवताना सर्किट तापतं, त्यात दहा-पंधरा टक्के जातात. उरले ६,३०० ते ६,६००, आणि त्यातलंही थोडं केबल खाते. तुझ्या यूएसबी मीटरवर ६,१०० आले, म्हणजे माल बरा आहे. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी', म्हणजे बाहेर मिळणारी क्षमता, छापलेली असते. तुलना करायची ती त्या आकड्याशी. मीटरवर ४,००० आले असते तर मात्र दोन स्टारसुद्धा जास्त झाले असते.

चाचणी अशी कर. पॉवर बँक पूर्ण चार्ज करून दोन तास तशीच ठेव. मधे यूएसबी मीटर लावून तिच्यावर एकच स्थिर भार दे. यूएसबीवर चालणारा छोटा पंखा किंवा दिवा चालेल. फोन नको, कारण तो ८० टक्क्यांपुढे करंट आपणच कमी करतो आणि चाचणी लांबत बसते. बँक बंद पडेपर्यंत थांब आणि मीटरवरचे वॉट-अवर लिहून घे. एमएएच नव्हे, वॉट-अवर, म्हणजे व्होल्टेजचा घोळ उरत नाही. त्याला ३७ ने भागलं की टक्केवारी मिळते. ८० च्या वर असेल तर तक्रार करू नये.

इअरबड लावले की पॉवर बँक दोन मिनिटांत बंद पडते, अशा तक्रारी तुला ढिगाने दिसतील. बँक बिघडलेली नसते. इअरबडची डबी इतका कमी करंट ओढते की बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये बटण दोनदा दाबलं की कमी करंटची सोय सुरू होते. ती आहे की नाही, एवढं एक वाक्य लिहिलंस तरी वाचणाऱ्याचे पैसे वाचतील. आणि खोक्यावरचा 'आर'ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक सरकारी मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून बघ. कंपनी आणि वस्तू दोन्ही जुळली तर तसं लिही. जुळत नसेल तर बाकीची चाचणी करायची गरज नाही, माल परत कर.

आता आपल्या उन्हाचं. लिथियमचा सेल साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज व्हावा असा बनवलेला असतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी बाहेरची हवाच तिथे पोचते आणि फोन स्वतःला वाचवायला चार्जिंग हळू करतो. तू "फास्ट चार्जिंग खोटं आहे" असं लिहिलंस ते दुपारी तीन वाजता, गच्चीवरच्या खोलीत बसून. तीच चाचणी सकाळी सहाला कूलरसमोर करून बघ आणि खोलीचं तापमान आकड्यात लिही. पुण्यात किंवा मुंबईत वाचणाऱ्याला मग कळेल की हा नागपूरचा निकाल आहे. केबलही कोणती होती ते लिही. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरची असते, ६० वॉटच्या पुढे जायला तिच्यात चिप लागते. सीताबर्डीच्या फुटपाथवर शंभर रुपयांत मिळणारी केबल लावून चार्जरला नावं ठेवू नयेत.

मोजण्याच्या साधनावर आंधळा विश्वास मात्र नको. २०२४ च्या मे अखेरीस आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. शेजारच्या केंद्रांचे आकडे पाहिले की शंका येतेच. तुझ्या मीटरचंही तसंच आहे. मल्टिमीटर नवा घेतलास तर आधी ताज्या पेन्सिल सेलवर लाव. १.५ ते १.६ च्या दरम्यान काही आलं तर पुढे जा. आणि लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिलेली असताना घरच्या सॉकेटला कधी लावू नकोस. तो सरळ शॉर्ट होतो. मीटर जळतो आणि हातही भाजतो.

आता टेप. हूक हलतो कारण तो हलावा म्हणूनच रिव्हेटची भोकं लांबट ठेवलेली असतात. फळीच्या कडेला अडकवून ओढतोस तेव्हा हुकाची जाडी मापाच्या बाहेर राहायला हवी. भिंतीला टेकवून दाबतोस तेव्हा तीच जाडी मापात धरायला हवी. म्हणून हूक स्वतःच्या जाडीइतका, साधारण एक मिलिमीटर, मागेपुढे सरकतो. घट्ट हूक असलेली टेप दोन्हीपैकी एका मापात चुकणारच. तपासायला ३०० मिलिमीटरची पोलादी पट्टी घे. ती फळीच्या कडेशी जुळवून ठेव आणि टेप कडेला अडकवून ओढ, ३०० यायला हवेत. मग पट्टीचं टोक आणि टेपचा हूक दोन्ही भिंतीला टेकव, पुन्हा ३०० च यायला हवेत. पाच मीटरच्या, अचूकतेच्या दुसऱ्या वर्गाच्या टेपला पूर्ण लांबीत १.३ मिलिमीटरची सूट असते, हेही लक्षात ठेव. खरा दोष वेगळाच असतो. टेप सोडून दिली की फट्‌कन आत जाते आणि हूक तोंडावर आपटतो. महिन्या-दोन महिन्यांत तो वाकतो किंवा रिव्हेट सैल होतात. रिव्ह्यूत हे हवं: दोनशे वेळा ओढून सोडल्यावर हूक काटकोनात राहिला का, आणि पहिल्या दहा सेंटिमीटरचे आकडे पुसले गेले का.

पाणसळ, म्हणजे पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी, घेशील तेव्हा याहून सोपं आहे. टेबलावर ठेव, बुडबुडा कुठे आहे ते बघ, मग तिथेच उलट बाजूने फिरवून ठेव. टेबल तिरकं असलं तरी बुडबुडा तुझ्याकडून पाहिल्यावर त्याच बाजूला, तितकाच दिसायला हवा. नाही दिसला तर पाणसळ खोटी. फरकाच्या निम्मी चूक तिची.

ड्रिल मशीन येणार असं कळवलंस. एकाच भिंतीवर करून मोकळं होऊ नकोस. विटेच्या भिंतीत पाच भोकं आणि बीममध्ये पाच, सगळी ६ मिलिमीटरच्या नव्या बिटने, बिटला ४० मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळून. मग प्रत्येकात स्क्रू धरणारी ६ ची प्लॅस्टिकची गिट्टी घाल. हातोडीच्या हलक्या टकटकीने ती आत गेली पाहिजे. नुसत्या बोटाने आत जाऊन स्क्रूबरोबर फिरायला लागली तर भोक मोठं झालंय. म्हणजे एकतर बिट धरणाऱ्या चकमध्ये ते डगमगतं किंवा तुझा हात. ते वेगळं करायला बिट लावून मशीन हवेत हळू फिरव आणि टोकाकडे बघ. टोक धूसर गोल दिसलं तर दोष चकचा. बीममध्ये मशीन एका जागी अडलं तर ती बहुधा सळई असते, तिथे मशीनचे स्टार कापू नकोस. साध्या इम्पॅक्ट ड्रिलकडून काँक्रीटमध्ये रोज वीस भोकांची अपेक्षाही करू नकोस, त्यासाठी रोटरी हॅमर असतो आणि इतवारीच्या लोहाओळीतला कुठलाही दुकानदार तुला हे आधी सांगेल. टाइलवर हॅमर बंद ठेव. नव्या मशीनच्या मोटरमधल्या कार्बनमधून सुरुवातीला थोड्या ठिणग्या दिसतात, त्या चालतात. गोल फिरणारी आगीची कडी दिसली आणि वास आला तर लगेच बंद कर.

इअरफोनबद्दल फार लिहू नकोस. आवाजाची आवड ज्याची त्याची. कानात किती तास टिकतो आणि गाडीवर वाऱ्यात समोरच्याला तुझं बोलणं कळतं का, एवढं पुरे.

आता पुस्तक. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण पॉवर बँक खराब निघाली तर परत जाते, पण चर्चच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बाईने तुझा रिव्ह्यू वाचून पुस्तक घेतलं तर ती वर्षभर तेच उशाशी ठेवते.

आधी वाचणारा कोण ते लिही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरातच झाली, पण शहरात कॅथलिक आहेत, मेथडिस्ट आहेत, पेंटेकॉस्टल आहेत. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलमध्ये ७३. पुस्तकात कॅथलिक बायबलमधल्या तोबीतचा संदर्भ आला म्हणून "बायबलमध्ये नसलेलं छापलंय" असं लिहिशील तर टेपच्या हुकासारखंच होईल. स्तोत्रांचंही तसंच. मेंढपाळाचं स्तोत्र आपण २३ वं म्हणतो. जुन्या लॅटिन क्रमाने ते २२ वं येतं. आकडा चुकला म्हणण्याआधी लेखक कोणता क्रम धरतोय ते बघ.

मग संदर्भ तपास. सुरुवातीचे ५, मधले १०, शेवटचे ५ असे २० निवड आणि प्रत्येक वचन उघडून बघ, त्याच्या आधीची दोन आणि पुढची दोन वचनंही. किती ठिकाणी आकडा चुकला आणि किती ठिकाणी वचन अर्धंच तोडून घेतलंय, हे दोन आकडे वेगवेगळे लिही. आकडा चुकणं बहुधा छपाईचं पाप असतं. वचन तोडणं लेखकाचं. कोणतं भाषांतर वापरलंय तेही लिही. पंडिता रमाबाईंनी केलेलं मराठी बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ साली छापून आलं. त्याची भाषा आणि आज चर्चमध्ये वाचतात ती भाषा एक नाही, आणि वचन पाठ असलेल्या माणसाला वेगळं भाषांतर अडखळवतं.

इतिहासाचं पुस्तक असेल तर आपल्या गावापुरतं तरी तपास. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं आणि मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ सालीच टाकळघाटजवळ नदीत बुडून वारले. त्यांनी शाळा काढली होती, कॉलेजला त्यांचं नाव नंतर मिळालं. "हिस्लॉप यांनी कॉलेज स्थापन केले" असं वाक्य दिसलं की बाकीच्या सनावळीकडेही जरा डोळे बारीक करून बघ.

तू पाच स्टार दिलेलं मननाचं पुस्तक भाषांतरित आहे आणि भाषांतरकाराचं नाव तू लिहिलं नाहीस. अशा पुस्तकात तारखेवार पानं असतात. एप्रिलच्या पानावर वसंतातल्या गार झुळका आणि कोवळी फुलं येतात, इथे तेव्हा आपण कूलरच्या ताट्या बदलत असतो! हा दोष नाही, पण सांगायला हवं. दुसरं, ईस्टर दर वर्षी सरकतो, २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मधे कुठेही पडतो. ठरावीक तारखेला पुनरुत्थानाचं मनन छापलं असेल तर बहुतेक वर्षी ते ईस्टरआधीच्या उपवासकाळात तरी येणार किंवा ईस्टर होऊन गेल्यावर. २९ फेब्रुवारीचं पान आहे का तेही बघ.

कागद आणि बांधणी कोणी लिहितच नाही, आणि वापरणाऱ्याला त्रास त्याचाच होतो. पुस्तक मधोमध पूर्ण उघडून पाठीच्या वरच्या कडेकडे बघ. दुमडलेले फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, आणि त्यांतून गेलेला दोरा दिसला तर शिलाई आहे. सपाट डिंक दिसला तर रोज उघडायच्या पुस्तकाला ते वर्षभर पुरेलच असं नाही, आणि मेमध्ये बंद कारमध्ये राहिलं तर आणखी लवकर पानं सुटतील. पातळ बायबल पेपर कूलरच्या ओल्या वाऱ्यात लाटा येऊन फुगतो. पानामागे काळा कागद धरून वाच आणि मग तो काढून वाच. फरक फार जाणवला तर मागची अक्षरं पुढे उमटताहेत. मजकूर पुस्तकात आहे त्याच आकारात संध्याकाळी घरातल्या साध्या दिव्याखाली, हातभर अंतरावरून वाचून बघ. वेलांटी आणि रफार वेगळे दिसायला हवेत.

मतभेद असेल तर तो खुशाल लिही, स्टारमध्ये मात्र मोजू नकोस. "लेखक बालकांचा बाप्तिस्मा मान्य करत नाहीत, प्रकरण ७ पूर्ण त्यावर आहे" एवढ्याने ज्याला हवं तो घेईल आणि नको तो सोडेल. पुस्तक भेट मिळालं असेल किंवा लेखक आपल्याच मंडळीचे पाळक असतील तर ते पहिल्या ओळीत सांग.

सगळ्याच रिव्ह्यूंना लागू पडणाऱ्या दोन बारीक गोष्टी. एकाच पानावर ३ मीटर आणि ५ मीटर दोन्ही टेपचे रिव्ह्यू एकत्र येतात, म्हणून तुझी कोणती ते लिही. घेतल्याची तारीख आणि किंमतही. पार्सल उशिरा आलं ही विकणाऱ्याची तक्रार असते, तिची जागा वेगळी. चाचण्या मात्र परत करायची मुदत संपायच्या आत उरक, ती बऱ्याचदा सात दिवसांचीच असते.

पॉवर बँकेचा रिव्ह्यू साधारण असा व्हायला हवा: "१०,००० एमएएच, मेमध्ये घेतली. स्थिर भारावर ३०.५ वॉट-अवर मिळाले, म्हणजे ८२ टक्के. खोलीचं तापमान ३४. इअरबडला कमी करंटची सोय नाही. नोंदणी क्रमांक ॲपमध्ये जुळला." पाच वाक्यं आहेत, कौतुक एकही नाही, तरी घ्यावी की नाही ते कळतं. आकडे तुझे घाल, माझे नमुन्यापुरते आहेत.

मननाच्या पुस्तकाचं सावकाश कर, २० संदर्भांना दोन संध्याकाळी लागतीलच. टेपचा एक स्टार मात्र आजच काढ. पोलादी पट्टी आणि पाणसळ माझ्याकडे आहेत, रविवारी उपासनेनंतर येऊन घेऊन जा. पाणसळीची काच जपून, पिशवीत ड्रिलच्या बिटांबरोबर टाकू नकोस.

तुझा,
काका