गटातून मतदारसंघात: झेडपी सदस्य, नगरसेवक आणि आमदारकी

विधानसभेच्या वाटेवर असलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांचे बरेच प्रश्न या महिन्यात आले. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

आर. आर. आबा (पाटील) झेडपीतूनच वर आले. आमच्याकडे सगळे म्हणतात की झेडपी ही आमदारकीची शाळा. मी दोनदा झेडपीला निवडून आलोय. मग विधानसभा जड का जावी? (एक वाचक, सांगली जिल्हा)

शाळा आहे हे खरं, पण परीक्षेचा पेपर वेगळा असतो. आबा १९७९ ते १९९० सावळज गटाचे, म्हणजे झेडपीच्या त्या मतदारसंघाचे, सदस्य होते. १९९० ला तासगावातून आमदार झाले आणि २०१४ पर्यंत सलग सहा वेळा निवडून आले. विलासराव देशमुख १९७४ ला बाभळगावचे सरपंच आणि १९८० ला लातूरचे आमदार. शहरी वाटेवरची उदाहरणं बघा: देवेंद्र फडणवीस १९९२ ला नागपुरात नगरसेवक, १९९७ ला महापौर, १९९९ ला आमदार. एकनाथ शिंदे १९९७ ला ठाण्यात नगरसेवक, २००४ ला आमदार. यांच्यात एक गोष्ट समान दिसते. पहिली स्थानिक निवडणूक आणि पहिली आमदारकी यांत सहा ते अकरा वर्षांचं अंतर आहे. त्या काळात आपल्या गटाबाहेर, वॉर्डाबाहेर माणसं जोडली गेली.

आता आकडे बघा. २०२४ ला राज्यात मतदार साधारण नऊ कोटी सत्तर लाख होते आणि जागा २८८. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी तीन लाख छत्तीस हजार. मतदान केंद्रं एक लाखाच्या वर, म्हणजे एका मतदारसंघात साडेतीनशेच्या आसपास. झेडपीला तुम्ही प्रत्येक बूथवरच्या माणसाला नावानं हाक मारत होतात, इथे ते शक्य नाही. साडेतीनशे बूथ म्हणजे साडेतीनशे पोलिंग एजंट आणि त्यांना सोडवायला आणखी तेवढेच. त्यातला प्रत्येक जण पहाटे मॉक पोलला हजर हवा, कारण प्रत्यक्ष मतदानाच्या दीड तास आधी किमान पन्नास मतं टाकून मशीन तपासतात. संध्याकाळी त्यानंच केंद्राध्यक्षाकडून सतरा-सी नमुन्याची, म्हणजे बूथवर पडलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेऊन यायची असते. ही प्रत नसेल, तर मतमोजणीच्या टेबलावर मशीनचा आकडा ताडून बघायला हातात काही राहत नाही. झेडपीत जिंकलेले बहुतेक जण अडखळतात ते इथे. स्वतःच्या गटात सातशे माणसं आणि शेजारच्या गटात सातही नाहीत, अशी त्यांची अवस्था असते.

आणखी एक फरक. गटाची हद्द आणि आरक्षण निवडणुकीगणिक बदलतं. तुमचा गट पुढच्या वेळी महिलेसाठी राखीव निघू शकतो किंवा फुटून दोन गटांत जाऊ शकतो. विधानसभेची आजची हद्द २००८ च्या पुनर्रचनेची आहे आणि २००९ पासून तीच चालू आहे. गट हातचा गेल्यावर घाईघाईनं विधानसभेकडे वळणारे आम्हाला बरेच दिसतात. ते वळण साहजिक आहे, तयारी मात्र त्याच्या बरीच आधी झालेली असावी लागते.

तिसऱ्या अपत्यामुळे माझं झेडपी सदस्यत्व गेलं. विधानसभेलाही हीच अडचण येईल का? (एक माजी सदस्य, मराठवाडा)

नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या अपत्याची अट महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांपुरती आहे. विधानसभेच्या पात्रतेत ती नाही.

घटनेत याचा उलटा प्रवास आहे. अनुच्छेद २४३-एफ आणि २४३-व्ही असं सांगतात की विधिमंडळासाठी जो अपात्र, तो पंचायत किंवा पालिकेसाठीही अपात्र. फक्त वयात सवलत आहे: विधानसभेला पंचवीस, पंचायत-पालिकेला एकवीस. पण पंचायतीत अपात्र ठरलेला माणूस विधानसभेला आपोआप अपात्र होत नाही. ग्रामपंचायतीला शौचालयाचा दाखला लागतो, तो इथे कुणी मागत नाही. ओबीसी आरक्षण आणि निम्म्या जागा महिलांना हेही विधानसभेत नाही. २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींना आणि २५ जमातींना राखीव, बाकी सगळ्या खुल्या. झेडपीला राखीव जागेवरून निवडून आलेल्या भगिनींनी हे आधीच लक्षात घ्यावं. तिकीट मागताना ‘आमचा गट महिला राखीव होता’ हा मुद्दा इथे कामाला येत नाही.

माझ्या नावावर सार्वजनिक बांधकाम खात्याचा रस्त्याचा ठेका आहे. काम झालंय, बिल अडकलंय. फॉर्म बाद होईल का? (एक ठेकेदार नगरसेवक)

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९-अ. आपल्या धंद्याच्या ओघात तुम्ही स्वतः राज्य सरकारशी माल पुरवण्याचा किंवा काम करून देण्याचा करार केला असेल आणि तो चालू असेल, तर विधानसभेला अपात्रता येते. काम तुमच्या बाजूनं पूर्ण झालं असेल आणि फक्त सरकारकडून पैसे यायचे असतील, तर तो करार चालू धरत नाहीत. हे कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलंय. तेव्हा काम पूर्ण झाल्याचा दाखला कार्यकारी अभियंत्याच्या सहीनं घेऊन फाइलला लावा. काम अर्धवट असेल तर ‘मी ठेका सोडला’ असं नुसतं पत्र देऊन भागत नाही. खात्यानं ते मान्य केल्याचं उत्तर हातात हवं आणि तेही छाननीच्या तारखेआधी, कारण पात्रता त्या दिवशी तपासतात.

नगरसेवक म्हणून तुमच्यावरचं बंधन वेगळं आहे. तिथे खुद्द तुमच्या पालिकेच्या कामात भागीदारामार्फत, आडवळणानं हितसंबंध असला तरी पद जाऊ शकतं. दोन्ही कायदे एकच समजून चालणारे दोन्हीकडे फसतात.

झेडपीचा फॉर्म मी स्वतः भरला होता. विधानसभेचा फॉर्म भरताना चुका नेमक्या कुठे होतात? (अनेक वाचक)

नामनिर्देशनपत्र नमुना २-ब मध्ये, शपथपत्र नमुना २६ मध्ये. वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात उमेदवार धरून पाचच माणसं. अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार. एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत, तर ती जप्त होते. एका मतदारसंघात जास्तीत जास्त चार अर्ज भरता येतात, आणि चारही भरावेत. एकात चूक निघाली तर दुसरा तरतो.

सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा मतदार: मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक, अपक्षाला दहा. दहाही त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. अपक्षाचा घात बहुतेकदा इथेच होतो. यादीची पुनर्रचना होऊन सूचकाचा भाग क्रमांक बदललेला असतो आणि अर्जावर जुनाच लिहिला जातो. किंवा सूचक रस्त्यापलीकडे, शेजारच्या मतदारसंघात निघतो. दहातला एक गळला की नऊ उरतात. म्हणून चार अर्जांवर चार वेगळे दहा-दहा सूचक घ्या आणि प्रत्येकाचं नाव ताज्या यादीत बोट ठेवून बघा. तुमचं स्वतःचं नाव राज्यातल्या दुसऱ्या मतदारसंघात असेल तरी चालतं, पण त्या यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते.

एबी फॉर्म: तुम्ही पक्षाचे अधिकृत उमेदवार आहात हे सांगणारे, पक्षाकडून आलेले ए आणि बी फॉर्म शेवटच्या दिवशी तीनच्या आत पोचलेच पाहिजेत, मूळ प्रत आणि शाईची सही. झेरॉक्स, मोबाइलवरचा फोटो, सहीचा शिक्का यांतलं काहीच चालत नाही. तीन वाजून गेले की तुम्ही त्या पक्षाचे उमेदवार उरत नाही. शिवाय पक्षाच्या भरवशावर एकच सूचक घेतला असेल, तर अपक्ष म्हणूनही उभं राहता येत नाही. तिकिटाची खात्री नसलेल्यानं एका अर्जावर दहा सूचक घेऊन ठेवावेत, हा जुना आणि शहाणपणाचा सल्ला.

शपथपत्र: एकही रकाना कोरा नको. लागू नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. कोरा रकाना दिसला तर अधिकारी नोटीस देऊन भरून मागतो, तरी भरला नाही तर अर्ज बाद. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये हे स्पष्ट केलंय. गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थान वापरलं असेल तर भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोन यांची थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. झेडपी अध्यक्षांना हा मुद्दा हमखास आठवत नाही, कारण बंगला सोडून सहा वर्षं झालेली असतात.

शपथ: लोक सगळ्यात जास्त हीच विसरतात. अर्ज दिल्यानंतर घटनेशी निष्ठेची शपथ घ्यायची आणि तीही छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. छाननीच्या दिवशी सकाळी घेतलेली चालत नाही. अर्ज दिला की तिथेच, त्याच टेबलासमोर ती घेऊन टाका.

किरकोळ चुकीवरून, म्हणजे नावातल्या काना-मात्र्यावरून वगैरे, अर्ज बाद करू नये असं कलम ३६ सांगतं. वर दिलेल्या चुका किरकोळात मोडत नाहीत.

खर्चाची मर्यादा चाळीस लाख म्हणतात. झेडपीच्या मानानं ही मोकळीकच नाही का?

रक्कम मोठी वाटते, पण हिशेब अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा प्रत्येक दिवस धरून होतो. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडा. नोंदवहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचारकाळात ती तीनदा तपासली जाते. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप यांचं दरपत्रक जिल्हा निवडणूक अधिकारी लावतो. तुम्ही पाच रुपयांचा चहा लिहिला आणि दरपत्रकात दहा असेल, तर दहानंच धरतात. पक्षाच्या स्टार प्रचारकाचा प्रवासखर्च तुमच्यावर पडत नाही, पण तुम्ही त्याच्यासोबत मंचावर बसलात तर सभेचा खर्च वाटून येतो. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षांची अपात्रता. हरलेल्या उमेदवाराला हे तीस दिवस कुठे गेले ते कळत नाही, म्हणून कारकून आधीच नेमा.

नगरसेवक राहून आमदार होता येतं का?

महापालिकेत होता येतं. छगन भुजबळ १९८५ ला माझगावचे आमदार झाले आणि त्याच वर्षी मुंबईचे महापौरही. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत एकाच वेळी बसायला घटना मनाई करते, पालिका आणि विधानसभेबाबत मात्र तशी मनाई करत नाही. झेडपीची रचना निराळी आहे. तिथे आमदार-खासदार पदसिद्ध सदस्य नाहीत. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेल्या १९६१ च्या कायद्यापासून हे असंच आहे.

आमदार झाल्यावर समाजमंदिराचं पत्र दिलं, वर्ष उलटलं, वीट लागली नाही. नगरपालिकेत ठराव झाला की काम सुरू व्हायचं. (एका आमदारांचे कार्यकर्ते)

पालिकेत नगरसेवक सभागृहात बसून ठराव करतो. आमदार निधीत आमदार फक्त शिफारस करतो. वर्षाला पाच कोटींचा निधी असला, तरी पैसे जिल्हाधिकाऱ्यांकडून जातात. क्रम असा: शिफारसपत्र जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे, मग कार्यान्वयन यंत्रणेकडून अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. समाजमंदिर हमखास अडकतं ते जागेवर. गावकरी ‘जागा दिली’ म्हणतात, पण सातबारा खासगी नावावरच असतो. त्यासोबत ग्रामपंचायतीचा देखभालीची जबाबदारी घेतल्याचा ठराव लागतो, तोही बहुतेक वेळा जोडलेला नसतो. पत्राची आठवण मंत्रालयात करून देण्यापेक्षा तलाठ्याकडे जाऊन सातबारा बघा. जागा ग्रामपंचायतीच्या नावावर झाली की फाइल हलते.

पंचायत समितीची आमसभा आमदाराच्या अध्यक्षतेखाली होते, तिचाही उपयोग करून घ्या. अडलेली कामं गटविकास अधिकारी आणि उपअभियंत्याला सगळ्यांसमोर विचारून इतिवृत्तात नोंदवून घेतली, तर महिन्याभरात उत्तर येतं. मोठा प्रश्न असेल तर विधानसभेत नियम १०५ खाली लक्षवेधी, म्हणजे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना. पण एका समाजमंदिरासाठी लक्षवेधी लावू नका, ती लागणार नाही आणि मंत्र्याच्या कार्यालयात नाव मात्र लक्षात राहील.