नाव नसलेली जुनी इलेक्ट्रिक गिटार घेताना

हेडस्टॉकवर (खुंट्या असलेल्या टोकावर) नाव नाही म्हणून बिचकू नकोस, आणि विकणारा 'साठच्या दशकातली आहे' म्हणतो म्हणून हुरळूनही जाऊ नकोस. त्या काळात जपानमधले एकेक कारखाने तीच गिटार वेगवेगळ्या नावांनी विकायचे, त्यामुळे नावावरून फारसं कळतही नाही.

आधी नेक, म्हणजे गिटारीची लांब मान, बघ. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबून धर. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमध्ये कागदाएवढी फट दिसली तर उत्तम. काडेपेटीतली काडी सरकेल एवढी असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सुधारणारी सळई) फिरतो का ते विचार. काही स्वस्त जुन्या गिटारींत फिरवता येणारा रॉडच नसतो. पिळलेली नेक असेल तर सरळ घरी ये. बाकी सगळं दुरुस्त होतं.

मग मागचं झाकण उघडून पॉटवरचा (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावरचा) आकडा वाच. १३७६६३३ असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, पुढे १९६६ सालचा ३३वा आठवडा. गिटार त्याआधीची नाही, एवढंच यातून ठरतं. आणि पॉट मागाहून बदललेला असेल तर तेही नाही!

आवाज खरखरतो? पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा फिरव. पिकअप (तारांची कंपनं पकडणारा चुंबकी भाग) मेला म्हणण्याआधी मल्टिमीटर लाव. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा पिकअप, साधारण ५ ते ८ किलोओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर वेटोळ्याची तार तुटलीय, ती पुन्हा गुंडाळून मिळते.

रंगाला मात्र हात लावू नकोस. मी पहिल्याच गिटारीला सँडपेपर लावला होता, अजून हळहळतो. काढलेला प्रत्येक स्क्रू डबीत ठेव, गंजलेला असला तरी.