सीव्हीत तुमचे काम कुठे आहे?

प्रश्न : मी 2019 मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदविका पूर्ण केली आणि त्यानंतर चार वर्षे शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या, मशिनवर काम केले. वडिलांच्या आजारपणामुळे ऑक्टोबर 2023 अखेर नोकरी सोडावी लागली आणि पुढचे चौदा महिने घरीच होतो. त्यानंतर चाकण, तळेगाव भागात तीसेक अर्ज केले. एकाही ठिकाणाहून बोलावणे आले नाही. माझा तीन पानी सीव्ही सोबत जोडला आहे. मधला खंड झाकण्यासाठी ओळखीच्या दुकानदाराकडून अनुभवाचे पत्र आणावे, असे मित्र सुचवतात. काय करावे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या सीव्हीच्या पहिल्या पानावर वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, उंची आणि छंद आहेत, दुसऱ्या पानावर दहावीपासूनच्या गुणांचा तक्ता आहे, आणि चार वर्षांचे काम तिसऱ्या पानावर दीड ओळीत आटोपले आहे. आपल्याकडे लग्न जुळवण्याच्या कागदालाही बायोडाटा म्हणतात आणि नोकरीच्या कागदालाही. त्या नावसाधर्म्यामुळेच उंची आणि रक्तगट नोकरीच्या कागदात शिरले असावेत, असा माझा जुना संशय आहे. शे-दीडशे अर्ज चाळणारा माणूस तिसऱ्या पानापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून पहिल्या अर्ध्या पानात नाव, मोबाइल क्रमांक, ई-मेल आणि लगेच कामाचा अनुभव एवढेच यायला हवे. शिक्षण त्याखाली दोन ओळींत मावते.

आता ती दीड ओळ पाहू. ‘रिस्पॉन्सिबल फॉर सीएनसी मशिन ऑपरेशन’ हे वाक्य चाकणमधल्या कोणत्याही ऑपरेटरच्या सीव्हीत जसेच्या तसे सापडेल. याउलट, तुमच्या पत्रात तुम्ही सहज लिहून गेला आहात की 2021 पासून मशिनचे सेटिंगही (नव्या कामासाठी मशिन जुळवून देणे) तुम्हीच करत होता, मशिनचा कंट्रोल फॅनुक कंपनीचा होता, शाफ्टचे जॉब, म्हणजे बनवायचे भाग, 20 मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये (मापात चालणाऱ्या फरकात) काढावे लागत, आणि पुढच्या जॉबची टूल्स आधीच लावून ठेवण्याची सवय पाडल्यामुळे जॉब बदलताना दीड तासाऐवजी पन्नास मिनिटे लागू लागली. सीव्हीत यातले एक अक्षरही नाही! ती ओळ अशी करता येईल : ‘फॅनुक कंट्रोलच्या दोन टर्निंग सेंटरवर सेटर-कम-ऑपरेटर, शाफ्ट, टॉलरन्स 20 मायक्रॉन, टूल प्रीसेटिंगमुळे सेटिंगचा वेळ 90 मिनिटांवरून 50 मिनिटांवर.’ हेच साध्या इंग्रजीत लिहा आणि ‘सेटर’ हा शब्द विसरू नका, कारण कंपन्या ऑपरेटरची आणि सेटरची जागा वेगवेगळी भरतात आणि सेटरला सहसा पगारही जास्त असतो. मात्र आकडे असेच द्या की मुलाखतीत प्रॉडक्शनचा माणूस ‘हे कसे केले?’ असे विचारेल, तेव्हा मशिनसमोर उभे राहून सांगावे तसे तुम्हाला सांगता येईल.

खोट्या पत्राचा विचार पूर्णपणे सोडून द्या. तुमचा पीएफ कापला जात होता, म्हणजे तुमच्या यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) खात्यात नोकरीला लागल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा नोंदलेल्या असणार, आणि अनेक कंपन्या रुजू करून घेण्यापूर्वी हा तपशील ताडून पाहतात. ज्या चौदा महिन्यांत खात्यात एक रुपयाही जमा झाला नाही, त्याच महिन्यांचे अनुभवपत्र समोर आले की संशय पत्रापुरता राहत नाही. तुमच्या चार वर्षांच्या खऱ्या कामावरही तो जातो. त्याऐवजी ‘नोव्हेंबर 2023 ते डिसेंबर 2024 : कौटुंबिक आजारपणामुळे खंड’ अशी एक ओळ लिहावी आणि मुलाखतीत विचारले तर दोन वाक्यांत उत्तर द्यावे. आजारी वडिलांसाठी घरी थांबलेल्या मुलाला ओशाळण्याचे काहीही कारण नाही.

दोन रकान्यांचा तो रंगीत नमुनाही बदला. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचते आणि रकाने, चौकटी व चित्रे यांत त्याचा गोंधळ उडू शकतो. शिवाय ‘सीएनसी’समोर पाचपैकी चार तारे रंगवल्याने कोणालाच काही कळत नाही. छापील सीव्हीचा मोबाइलवर फोटो काढून पाठवण्याची पद्धतही टाळावी, कारण त्यातला मजकूर शोधता येत नाही. वर्डमध्ये साधा मजकूर टाइप करून त्याची पीडीएफ करा आणि फाइलला ‘न्यू फायनल 2’ऐवजी स्वतःचे नाव व पदाचे नाव द्या.

प्रश्न : मी यंदा बी. कॉम. झाले. तीन वर्षांपासून वडिलांच्या कृषी सेवा केंद्राचे हिशेब मीच पाहते, पण ते घरचेच काम असल्यामुळे सीव्हीत फक्त ‘फ्रेशर’ लिहिले आहे. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : तुम्ही टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये खरेदी-विक्रीच्या नोंदी करत असाल, खरीप-रब्बीच्या हंगामातली उधारी सांभाळत असाल, जीएसटीआर-1 आणि 3बी ही जीएसटीची विवरणपत्रे भरण्यासाठी कर सल्लागाराला आकडे काढून देत असाल, तर लेखा सहायकाच्या जागेसाठी हा सरळसरळ अनुभव आहे. पगार मिळत नव्हता, एवढाच काय तो फरक. ‘कौटुंबिक व्यवसायात हिशेबनीस’ असे स्पष्ट लिहा, म्हणजे कोणाची फसवणूकही होत नाही. महिन्याला साधारण किती बिले नोंदवता, हे मात्र लिहिण्यापूर्वी टॅली उघडून मोजा. अंदाजाने लिहू नका. संदर्भासाठी नाव मागितले, तर वडिलांचे देण्याऐवजी त्या कर सल्लागाराचे, त्यांना आधी विचारून द्यावे.