बाबांचा डावा हात

‘बाबांसारखं जमतच नाही’ हे मी समुपदेशनाच्या खोलीत डॉक्टरांच्या मुलांकडून ऐकलंय, कीर्तनकारांच्या, हलवायांच्यासुद्धा. गेल्या वर्षी एका बास गिटारवाल्याकडून, म्हणजे मागून खर्जाचे सूर देणाऱ्याकडून, ऐकलं. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

त्याचे वडील पुण्यातल्या एका जुन्या ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. ते गेल्यावर तेच कार्यक्रम मुलगा करू लागला. निवेदकाने ‘अमुकांचे चिरंजीव’ म्हटलं की याची बोटं गार.

“‘रूप तेरा मस्ताना’ला लोकांना अ‍ॅकॉर्डियन ऐकायचं असतं हो. मी आपला मागे डुम-डुम करत उभा.”

“बाबांसारखंच वाजलं पाहिजे, असं कोण म्हणतं?”

“मीच.”

माझा पिंड विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा. माणसाला इच्छा छळत नाही, तिला चिकटलेला ‘च’ छळतो, हे मी सगळ्यांनाच ऐकवते. त्यालाही ऐकवलं. पटलं, पण आत उतरलं नाही.

चौथ्या भेटीला म्हटलं, बास राहू दे, बाबांचं अ‍ॅकॉर्डियन आण. त्याने ते गळ्यात अडकवलं तेव्हा मला कळलं, डाव्या हाताची १२० बटणं वाजवणाऱ्याला दिसतच नाहीत. एका बटणाला खळगा असतो, त्यावर बोट टेकलं की जागा समजते. तो खळगा चाचपता चाचपता तो थांबला.

“लहानपणी मी बाबांच्या डावीकडे बसायचो. तेव्हा त्यांच्याकडे बासवाला नव्हता. बास हा हात द्यायचा.”

मी गप्प राहिले. (हे मला फार उशिरा जमायला लागलं.)

“म्हणजे मी हेच वाजवतो की!”

वारसा म्हटलं की आपण सुरावट वाजवून टाळ्या घेणारा उजवा हातच बघतो. शिवाय १९६९च्या ‘आराधना’तलं ते अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे केर्सी लॉर्ड स्वतः तालवादक कावस लॉर्ड यांचे चिरंजीव. बाबा ज्यांचे तुकडे घोटत, त्यांनीच वडिलांच्या वाद्यापलीकडे हात मारला होता!

तुमच्याही डोक्यावर असं एखादं नाव असेल, तर त्यांच्यासोबत काम केलेलं माणूस गाठा आणि त्यांच्या चुका विचारा. श्रद्धांजलीत त्या येत नाहीत. याला जुन्या तबलजींनी सांगितलं, भर कार्यक्रमात बाबांचा पट्टा तुटला आणि अख्खं कडवं तबल्यावर निघालं. हे मला सांगताना तो पोट धरून हसला. इतक्या भेटींत पहिल्यांदाच.

परवा विचारलं, निवेदक अजून ‘चिरंजीव’ म्हणतो का?

“म्हणतो ना. तेवढ्यात मी तारा जुळवून घेतो.”