‘ओपन सोर्स लायसन’ला परवाना म्हणावं का?

गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. त्यानं गावासाठी तेंदूच्या हिशेबाचं एक ॲप लिहिलं. फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, कोणाचे किती पुडे आले, किती बाद झाले, कोणाला किती पैसे द्यायचे, एवढंच काम ते करतं. आता आजूबाजूच्या गावांनीही ते वापरावं, कोणाला त्यात बदल करावेसे वाटले तर खुशाल करावेत, असं त्याच्या मनात आहे. ग्रामसभेच्या ठरावाच्या मसुद्यात त्यानं ओपन सोर्स लायसनसाठी ‘मुक्त स्रोत परवाना’ असं लिहिलं, तर एक जण म्हणाला, ‘‘पन परवाना काढाचा कोनाकडून? रेंजरकडून का तहसीलीतून?’’ दुसऱ्यानं ‘मुक्त’चा अर्थ सरळ ‘फुकट’ लावला. एका म्हाताऱ्यानं सुचवलं, ‘‘याले निस्तारच म्हना नं.’’ तरुण विचारतो, यातलं बरोबर काय? शिवाय एवढे परवाने असताना कोणता लावायचा, हे ठरवायचं स्वातंत्र्य खरंच माझं आहे का?

रेंजरचं नाव काढणाऱ्याला हसण्यासारखं काही नाही. परवाना हा शब्द फारसीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ लेखी हुकूम. परवानगी त्याचीच लेक. हुकूम वरून येतो, त्यामुळे शब्दाला एक उतार लागला. अर्ज वर जातो, कागद खाली येतो, मधे फी आणि हेलपाटे. बंदुकीचा असो, दारूच्या दुकानाचा असो की कृषी केंद्राचा, सगळ्यांची चाल हीच. गडचिरोलीत तर टीपी, म्हणजे वाहतूक परवाना, हाच परवान्याचा पहिला अर्थ. टीपी नसेल तर बांबू तुमच्या जंगलातला असूनही चोरीचा ठरायचा. अशा मुलखात ठरावात नुसतं ‘परवाना’ लिहिलं, की ऐकणारा साहेबाचं नाव विचारणारच.

सॉफ्टवेअरच्या परवान्यात साहेब नसतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. कोड, म्हणजे प्रोग्रामचा मजकूर, लिहिला की लिहिणाऱ्याचा हक्क त्यावर आपोआप बसतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. म्हणजे परवाना देणारे तुम्हीच. आणि ओपन सोर्सची खुबी अशी, की तो कोणी मागायला येण्याआधीच, कोण येणार हे ठाऊक नसताना, जगातल्या सगळ्यांना देऊन ठेवलेला असतो. येणाऱ्यानं फक्त अटी पाळायच्या.

मग परवाना शब्द टाकून द्यावा का? मला नाही वाटत. शब्दाचा उतार बदलता येतो आणि तुमच्याच जिल्ह्यात तो एकदा बदललेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना मात्र वनखात्याच्याच हातात होता. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि त्यांनी टीपीचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. कागद तोच, शब्द तोच, सही करणारा हात बदलला. तुमच्या सभेत कोणी पुन्हा ‘कोनाकडून’ विचारलं, तर ही हकीकत सांगा. ती बहुतेकांना ठाऊकच असेल.

दुसरे शब्दही लोकांनी चालवून पाहिले आहेत. सरकारी मराठीत लायसन्सला ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात, आरटीओच्या कागदावर ‘शिकाऊ अनुज्ञप्ती’ छापलेली असते, आणि ती खिशात घालून माणूस ‘लायसन निघालं’ असं सांगत घरी येतो. ‘सनद’ कानाला बरी वाटते, पण ती एका विशिष्ट माणसाला मिळते, वकिलाला किंवा इनामदाराला. राहता राहिली ‘मुभा’. हा शब्द मला मनापासून आवडतो. अरबी ‘मुबाह’ म्हणजे ज्याला मनाई नाही ते, त्यावरून तो आला. ‘हे करायची मुभा आहे’ म्हटलं की अर्जही नाही आणि फीही नाही. पण मुभा कागदाचं नाव होत नाही, कागदात काय दिलंय त्याचं नाव होते. म्हणून मी असं लिहीन : परवान्यानं पुढील मुभा दिली आहे. दोन्ही शब्दांना काम मिळालं.

आता ‘मुक्त’. इथे इंग्रजीचं भांडण आपण फुकट ओढवून घेतलं आहे. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रामरनं १९८३ मध्ये ग्नू (जीएनयू) हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं. त्यांच्या ‘फ्री’चा अर्थ स्वतंत्र. पण इंग्रजीत फुकटलाही तोच शब्द, त्यामुळे दर वेळी खुलासा करत बसावं लागायचं. फेब्रुवारी १९९८ मध्ये ख्रिस्टीन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’ हा शब्द सुचवला, त्यामागे हाच घोळ होता. आपल्याकडे मोफत वेगळं, मुक्त वेगळं, म्हणजे घोळाला जागाच नव्हती. तरी तुमच्या सभेत तो झाला, कारण माणसं मुक्त ऐकून मनातल्या मनात ‘फ्री’ म्हणतात आणि रिचार्जच्या जाहिरातीनं ‘फ्री’चा अर्थ आधीच पक्का करून ठेवलेला असतो.

मराठीची स्वतःची अडचण निराळी आहे. आपण ‘फ्री’लाही मुक्त म्हणतो आणि ‘ओपन’लाही. नाशिकचं मुक्त विद्यापीठ हे ओपन, विकिपीडियाचा मुक्त ज्ञानकोश हा फ्री. त्यामुळे ‘मुक्त सॉफ्टवेअर’ आणि ‘मुक्त स्रोत’ हे एकाच वस्तूचे दोन उच्चार वाटतात. व्यवहारात ते जवळजवळ एकच कोड दाखवतात हे खरं, पण पहिलं नाव वापरणारा हक्काबद्दल बोलत असतो आणि दुसरं वापरणारा काम करण्याच्या पद्धतीबद्दल. हा फरक मराठीत ठेवायचा तर ‘फ्री’ला मुक्त आणि ‘ओपन’ला खुला, अशी वाटणी करावी. ‘स्रोत’ मला अजिबात पटत नाही. तो झऱ्याचा किंवा उत्पन्नाचा असतो. इथे सोर्स म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ कोड. ‘खुला कोड’ म्हटलं तर शाळेतलं पोरही अर्थ लावू शकतं. ‘उघडा’ म्हणू नये. उघडं अंग असतं, नाहीतर पितळ.

‘मोफत’ मात्र ठरावात कुठेही येऊ देऊ नका. शोभा जाते म्हणून नाही, ते चूक आहे म्हणून. खुला कोड विकता येतो. स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्यातही पैसे घ्यायला बंदी नाही. एखाद्यानं तुमचं ॲप घेतलं, शेजारच्या तालुक्यात बसवून दिलं आणि त्याचे पैसे लावले, तर त्यानं परवाना मोडला असं होत नाही.

म्हाताऱ्यांच्या ‘निस्तार’पाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला माहीत नसेल. पूर्व विदर्भात, जुन्या मध्य प्रांताच्या मुलखात, गावकऱ्यांनी जंगलातून नि पडीक जमिनीवरून घरच्या गरजेपुरतं सरपण, बांबू, चराई घ्यावी, या वहिवाटीच्या हक्काला निस्तार म्हणतात. मालगुजारी, म्हणजे तिथली जुनी जमीनदारी, गेली तरी तो उरला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रकाची, म्हणजे या वहिवाटीची व्यवस्था लिहून ठेवणाऱ्या कागदाची, तरतूद आहे. साहेबाला न विचारता, हक्कानं, पण ठरलेल्या अटींवर घ्यायचं, ही कल्पना ज्याच्या बोलीत आधीपासून आहे त्याला ओपन सोर्स समजावून सांगायला फार वेळ लागू नये. म्हाताऱ्यांची नजर तेज आहे.

तरीही शब्द म्हणून निस्तार इथे बसत नाही, आणि तो का बसत नाही हे पाहताना ओपन सोर्सची खरी अट कळते. निस्तार आपल्या गावापुरता असतो, घरच्या वापरापुरता असतो, विक्रीसाठी नसतो. ओपन सोर्समध्ये या तिन्ही कुंपणांना मनाई आहे. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या व्याख्येत दहा कलमं आहेत. त्यातली दोन सांगतात की कोणत्याही माणसाला किंवा गटाला वगळायचं नाही आणि कोणत्याही कामाला वगळायचं नाही. ‘ठेकेदारानं वापरू नये’ अशी ओळ तुम्ही घातली, तर ती घालायचा हक्क तुम्हाला आहे, कोड तुमचा आहे. फक्त त्या परवान्याला ओपन सोर्स म्हणता येणार नाही. जेसन नावाच्या एका सॉफ्टवेअर परवान्यात ‘हे चांगल्या कामासाठी वापरावं, वाईट कामासाठी नाही’ अशा अर्थाचं एक साधं वाक्य आहे. तेवढ्यासाठी तो व्याख्येबाहेर राहिला. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीनं २०१८ मध्ये क्लाउड कंपन्यांना आवर घालायला नवा परवाना लावला, त्यालाही या संस्थेनं ओपन सोर्स मानलं नाही. कडक वाटेल. पण चांगलं कोण नि वाईट कोण हे प्रत्येक लेखक ठरवू लागला, तर खुला या शब्दात काही उरणार नाही.

आता तुमच्या स्वातंत्र्याबद्दल. त्याला ‘मुखत्यारी’ हा शब्द तुम्ही रोज ऐकता. आममुखत्यारपत्र तहसीलीत लागतंच. मुखत्यार आणि इख्तियार एकाच अरबी मुळाचे, आणि त्या मुळाचा अर्थच निवड. आपल्या कोडाला कोणता परवाना लावायचा, यात तुम्ही पूर्ण मुखत्यार आहात. जीपीएलवाले आग्रह धरतील, एमआयटीवाले हसतील. कोणाच्याही दडपणाखाली येऊ नका. पण निवड कशातून करायची ते पाहून घ्या.

एमआयटी किंवा बीएसडी परवाना लावला तर घेणाऱ्याला जवळजवळ सगळी मोकळीक. त्यानं तुमच्या नावाची ओळ आणि परवान्याचा मजकूर ठेवायचा, बाकी कोड कुलूपबंद करून विकला तरी चालतं. जीपीएल म्हणतं, बदल कर, वीक, पण ज्याला देशील त्याला कोडही दे आणि हीच मुभा पुढे दे. या युक्तीला कॉपीलेफ्ट म्हणतात. राइटचं लेफ्ट केलं ती कोटी मराठीत येत नाही, तिच्या मागे लागूही नये. एजीपीएल हे जीपीएलचंच भावंड आणखी एक पाऊल पुढे जातं. एखाद्यानं बदललेला कोड स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून लोकांना नुसती सेवा दिली, तरी वापरणाऱ्यांना त्यानं तो कोड द्यावा लागतो. म्हणून ‘कोणतं जास्त मोकळं’ हा वाद न मिटणारा आहे. एक बाजू कोड घेऊन पुढचं लिहिणाऱ्याची मोकळीक मोजते, दुसरी शेवटी वापरणाऱ्याची. मोकळा आणि मुक्त एकाच धातूचे असले तरी कोण मोकळं झालं, हे शब्द सांगत नाही. ते वाक्यात लिहावं लागतं. हिशेबाचं ॲप आहे, पुडे मोजणाऱ्या बाईला हिशेब कसा लागला हे कोणालातरी तपासता यायला हवं, त्यामुळे माझा कल एजीपीएलकडे आहे. निवड तुमची.

मुखत्यारी कुठे संपते तेही सांगतो. तुम्ही दुसऱ्याचा जीपीएल कोड आपल्यात मिसळला असेल, तर तुमचा एकत्र झालेला माल एमआयटीवर देता येत नाही. दुसऱ्यांनी तुमच्या ॲपमध्ये कोड घातला, की त्यांच्या तुकड्यांवर हक्क त्यांचा. मग पुढे परवाना बदलायचा तर त्यांना विचारा. ज्याच्यावर आपण सगळे सिनेमे पाहतो त्या नारंगी शंकूवाल्या व्हीएलसीनं आपला मुख्य भाग जीपीएलवरून एलजीपीएल या जरा सैल परवान्यावर नेला, तेव्हा जुन्या योगदात्यांना एकेक शोधून त्यांची संमती घ्यावी लागली. आणि दिलेली मुभा मागे ओढणं अवघड. रेडिस या डेटाबेस सॉफ्टवेअरनं मार्च २०२४ मध्ये बीएसडी सोडलं, पण आधीची आवृत्ती बीएसडीवरच राहिली आणि लोकांनी तिच्यावरून व्हाल्की नावाचं वेगळं सॉफ्टवेअर उभं केलं.

एक उलटा घोळही काढून टाकतो. ‘कोड इंटरनेटवर टाकला, परवाना काहीच लावला नाही, म्हणजे सगळ्यांना मोकळा’ असं पुष्कळ पोरांना वाटतं. नाही. परवाना नाही म्हणजे मुभा नाही. लोक पाहू शकतात, घेऊन वापरू शकत नाहीत.

ठरावाची भाषा मी अशी ठेवीन : ‘सदर ॲपचा मूळ कोड खुला ठेवण्यात येत असून तो जीएनयू एजीपीएल आवृत्ती ३ या परवान्याखाली कोणासही देण्यात येत आहे. या परवान्यानं वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि इतरांस देण्याची मुभा राहील. त्यासाठी कोणाकडेही अर्ज करावा लागणार नाही. ॲपबाबत कोणतीही हमी देण्यात येत नाही.’ परवान्याचं नाव भाषांतरित करू नका आणि मूळ इंग्रजी मजकूर सोबत जोडा. जीपीएलच्या भाषांतरांना फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन अधिकृत मानत नाही, कायद्यात इंग्रजीच चालतं. शेवटची ओळ ग्रामसभेला आवडणार नाही, पण यातल्या बहुतेक सगळ्या परवान्यांत ती आहे.

त्याआधी मात्र एक ओळ लागेल आणि ती तुमच्या मसुद्यात नाही : हा कोड कोणाचा. तुम्ही ग्रामसभेचे पगारी नोकर म्हणून तो लिहिला असेल, तर वेगळा करार नसताना हक्क ग्रामसभेचा. ठेका घेऊन किंवा हौसेनं लिहिला असेल, तर हक्क तुमचा, आणि तो ग्रामसभेला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. परवान्याखाली कोणाचं नाव घालायचं हे त्यावर ठरेल.