तपासणीच्या ‘यील्ड’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : आपत्कालीन विभागात येणाऱ्या रुग्णांची एचआयव्हीसाठी सरसकट तपासणी केली तर तिचे ‘यील्ड’, म्हणजे तपासणीतून नव्याने सापडणाऱ्या रुग्णांचे प्रमाण, किती येईल, याचा अंदाज मांडताना या शब्दासाठी ‘उत्पन्न’, ‘उतारा’ की ‘निष्पत्ती’ लिहावे?

‘उत्पन्न’ वाचताच पैसा आठवतो, त्यामुळे तो बाद. ‘उतारा’ मात्र सहजासहजी टाकून देण्यासारखा नाही. गाळलेल्या उसाच्या मानाने साखर किती निघाली हे सांगताना तो वापरतात, म्हणजे हवे ते गुणोत्तर त्यात आयतेच आहे. पण रोगाच्या संदर्भात ‘उतारा’ म्हटले की विषावरचा उतारा आधी डोळ्यांसमोर येतो, आणि ‘एचआयव्ही तपासणीचा उतारा’ वाचून कोणाची भलतीच समजूत होऊ शकते. ‘निष्पत्ती’ निर्धोक आहे, पण फार ऐसपैस. रुग्ण उपचाराला लागला, हीसुद्धा निष्पत्तीच.

माझ्या मते ‘नवनिदानाचे प्रमाण’ लिहावे. यातला ‘नव’ गाळू नये. समजा, विभागात ४,००० जण आले, १,००० जणांची चाचणी झाली आणि ६ जणांचा प्राथमिक निकाल सकारात्मक आला. त्यांपैकी २ निकाल खात्रीच्या चाचणीत फसवे ठरले आणि एकाला आपल्या संसर्गाची आधीपासूनच कल्पना होती, तर नवी निदाने ३ उरतात. ‘प्रमाण’ कशाशी, हेही त्याच वाक्यात यायला हवे, कारण चाचणी झालेल्यांशी ते हजारी ३ पडते, तर आलेल्या सर्वांशी हजारी ०.७५. हा फरक किरकोळ नाही. अमेरिकेतील सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २००६ मध्ये आरोग्यसेवेच्या ठिकाणी १३ ते ६४ वर्षे वयाच्या रुग्णांची नित्य तपासणी सुचवली, तेव्हा तपासलेल्या दर हजार रुग्णांमागे एकापेक्षा कमी निदान होत असल्याचे दिसले तर ती चालू ठेवण्याची गरज नाही, असेही म्हटले. छेद चुकीचा घेतला, तर वरच्या उदाहरणातली चांगली चाललेली तपासणी कागदावर निरुपयोगी ठरेल.

‘संसर्गाचे प्रमाण’ हा पर्याय मात्र नको, कारण त्यात आधी निदान झालेलेही मोजले जातात. शिवाय ‘दर हजार चाचण्यांमागे’ऐवजी ‘चाचणी झालेल्या दर हजार व्यक्तींमागे’ लिहावे. आपत्कालीन विभागात तीच व्यक्ती पुन्हा पुन्हा येते आणि तिची चाचणीही पुन्हा होऊ शकते.